वीस ग्रॅम

माझी आई शाळेत परिसर अभ्यास शिकवायची आणि माझ्या दुर्दैवाने ती माझ्याच शाळेत होती. त्याहून वाईट म्हणजे सातवी ब मध्ये ती माझी वर्गशिक्षिका झाली. फाटकाच्या बाहेर आई, आत बाई, असा आमच्यात करार होता. हा करार तिने काटेकोर पाळला. एकदा मला ताप भरला होता तेव्हाही, "बाई, घरी जाऊ का?" असं मी विचारल्यावर तिने आधी माझी वही तपासली आणि मग कपाळाला हात लावला.

घोषणांचा तिला मनस्वी तिटकारा होता. बाकीचे शिक्षक मुलांना झाडाची चित्रं काढायला लावायचे, प्रभातफेरी काढायचे. फेरी संपली की मुलं सरबताचे प्लास्टिकचे पेले मैदानावरच टाकून घरी जायची. आई हे बघून चिडायची. "ओरडून एक ग्रॅम कचरा कमी होत नाही," ती म्हणायची. "मोजा. मोजलं की कळतं." ती आम्हाला नळाखाली बादली ठेवून गळणारं पाणी मोजायला लावायची. घरी तर विचारू नका. आलेली पाकिटं उसवून, उलटी करून ती त्यांच्या आतल्या बाजूवर वाणसामानाची यादी करायची. दुसऱ्यांच्या घरी गेली की रिकाम्या खोलीतले दिवे मालवत सुटायची. नातेवाईक तिला जेवायला बोलवायला धजत नसत, कारण पानात टाकलेल्या घासाकडे ती ज्या नजरेने बघायची ती नजर पचायची नाही.

बाबा घरीच पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचे. समोरच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. आई आली की ते मान वर न करता म्हणायचे, "आल्या का कचऱ्याच्या शास्त्रज्ञ?" ती हसली तर दिवस बरा गेला असं आम्ही समजायचो. नाही हसली तर बाबा मला डोळ्यांनी खुणावायचे आणि मी गुपचूप अभ्यासाला बसायचे.

ती हसायची नाही त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सहा वर्षं ती कंत्राटावर होती. दर वर्षी सत्र संपलं की तिची नेमणूक संपायची. मग पुढच्या वर्षीचं पत्र येईपर्यंत टपालवाल्याची सायकल वाजली की ती हातातलं काम टाकून दाराशी जायची. त्या वर्षी मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, तिला कार्यालयात बोलावून सांगितलं की शिक्षण खात्याची एक समिती शाळाशाळांतून चांगले उपक्रम शोधत फिरणार आहे. उपक्रम निवडला गेला तर तो सगळ्या शाळांत नेतील आणि तो चालवणाऱ्या शिक्षिकेला कायम करतील. "बाई, हे वर्ष तुमचं," सर म्हणाले. हे वाक्य आईने घरी येऊन तीनदा सांगितलं.

तिने निवडला तो उपक्रम म्हणजे वर्गाचा कचरा. पाचवी ते आठवी, दोन दोन तुकड्या, असे आठ वर्ग. प्रत्येक वर्गाला एक बादली. शेवटचा तास संपला की सगळ्या बादल्या व्हरांड्यात यायच्या. तिथे तुळईला एक ताणकाटा टांगलेला होता. त्याच्या हुकाला बादली अडकवायची, रिकाम्या बादलीचं वजन वजा करायचं आणि आलेला आकडा वर्गप्रमुखाने मोठ्याने सांगून तक्त्यावर लिहायचा. आठवड्यात ज्या वर्गाचा कचरा सर्वांत कमी, त्याच्या दाराला हिरवी फीत बांधायची. सातवी ब ची वर्गप्रमुख मी होते. बाईंची मुलगी म्हणून नव्हे, मुलांनी हात वर करून निवडलं होतं. हे मी त्या काळी सगळ्यांना सांगत फिरायचे.

सुरुवात खरी होती, हे मला आजही ठासून सांगायचं आहे. पहिल्या दिवशी आमच्या वर्गाचा कचरा भरला एक किलो आठशे पन्नास ग्रॅम. आईने बादली जमिनीवर ओतली आणि आम्हाला काडीने एकेक वस्तू बाजूला करायला लावली. एका बाजूने कोरे राहिलेले कागद निघाले, अर्धे चावलेले डब्यातले तुकडे निघाले, खाऊची चकचकीत वेष्टनं निघाली. आम्ही पाठकोरे कागद शिवून कच्च्या वह्या केल्या. वेष्टनातला खाऊ बंद केला. डब्यात खाऊ शकू तेवढंच आणायला लागलो. दीड महिन्यात आकडा सातशेवर आला. आई त्या दिवसांत घरी आली की स्वतःहून बाबांच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसायची आणि त्यांना शाळेतल्या गमती सांगायची. दोघं हसायची. मी आतल्या खोलीत वही उघडून नुसती ऐकत बसायचे. मला फार बरं वाटायचं.

मग आकडा सातशेवर अडकला. सातशे, सातशे पन्नास, पुन्हा सातशे. त्रेचाळीस पोरं दिवसभर एका खोलीत बसली की काहीतरी निघणारच, हे आज मला कळतं. तेव्हा कळलं नाही आणि आईलाही ते पटत नव्हतं. ती वर्गात काही बोलायची नाही. घरी मात्र दारातून आत येताना मला विचारायची, "किती?" मी "सातशे" म्हटलं की चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात जायची. भांडी आपटायची नाही, ओरडायची नाही.  जेवताना तिघांच्या चमच्यांचा तेवढा आवाज. बाबांनी एकदा विनोद करून पाहिला. ती म्हणाली, "तुम्हाला सगळं हसण्यावारी न्यायचं असतं," आणि ताट अर्धं टाकून उठली. ताटात घास न टाकणारी माझी आई. 

दुसऱ्या दिवशी बादली व्हरांड्यात नेण्याआधी मी तिच्यातून एक पुठ्ठा काढला. चांगला जाड होता, कशाला तरी उपयोगी पडला असता. तो ठेवायचा कुठे? माझी मैत्रीण चष्मिस म्हणाली, "व्यासपीठाखाली सार." आमच्या वर्गात शिक्षकांना उभं राहायला लाकडी व्यासपीठ होतं. चांगलं लांबरुंद, वीतभराहून उंच, आतून पोकळ. भिंतीकडच्या बाजूची त्याची एक फळी सुटलेली होती. चष्मिसची पेन्सिल एकदा घरंगळत तिथे गेली होती, म्हणून तिला ते माहीत. आम्ही पुठ्ठा आत सरकवला. त्या दिवशी आकडा आला साडेपाचशे.

"किती?" आईने दारात विचारलं.

"साडेपाचशे."

"खरंच?" ती म्हणाली आणि चप्पल काढायच्या आधीच तिने माझ्या केसांतून हात फिरवला. रात्री जेवताना तिने बाबांना विचारलं, इस्त्री वेळेवर दुरुस्त करून दिल्यामुळे त्यांची गिऱ्हाईक वकिलीणबाई खूश झाली का. किती दिवसांनी तिने त्यांच्या कामाची चौकशी केली होती.

त्यानंतर ते थांबेना. ओला कचरा आम्ही आपापल्या डब्यात घालून घरी न्यायचो आणि वाटेत कुठेतरी टाकायचो. सुका व्यासपीठाखाली. लपवायला जागा मिळाल्यावर बंद केलेला वेष्टनातला खाऊही परत आला. आधी आम्ही दोघीच होतो, मग चौघी, मग अख्खा वर्ग. कुणीही कुणाला शपथ घातली नाही. सगळ्यांना हिरवी फीत हवी होती. मला काय हवं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. आठही वर्गांच्या बादल्या एकाच वेळी यायच्या, आई या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायची आणि आमच्या वर्गावर तिचा भरवसा होता, म्हणून आमची बादली जोखताना ती काट्यापाशी थांबायचीच नाही. मी आकडा पुकारायचे, ती लांबून मान डोलवायची. तीनशे. दोनशे. शंभर. मग सहावी अ ने एक दिवस पन्नास ग्रॅम लावले आणि आमची फीत गेली. दुसऱ्या दिवशी आमची बादली जवळजवळ रिकामी होती. शून्य म्हटलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही आणि पन्नास म्हटलं तर बरोबरी होईल. मी जरा विचार केला आणि पुकारलं, "वीस ग्रॅम."

बादल्या रिकाम्या करणारे शिपाईकाका आमच्या बादलीत डोकावून म्हणाले, "तुमच्या वर्गात माणसं बसतात की फोटो?" सगळे हसले. मी घाईघाईने आकडा तक्त्यावर लिहून टाकला.

समितीची तारीख ठरली तशी माझी झोप उडाली. व्यासपीठ भरत आलं होतं. आई आधी त्याच्यावर चढली की ढोलकं वाजल्यासारखा आवाज यायचा. आता तो बसका झाला होता. मला वाटायचं, हिला ऐकू येत नाही? ती वर उभी राहून "टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती फक्त जागा बदलते" असं फळ्यावर लिहायची आणि तिच्या टाचेखाली आमची चार महिन्यांची वेष्टनं. वर्गातलं एक पोरगं खाली मान घालून खुसखुसत होतं. मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

समिती यायच्या आदल्या दिवशी दुपारी वर्गात शांतता असताना व्यासपीठातून खुडबुड ऐकू आली. आई बोलता बोलता थांबली. पुन्हा खुडबुड.

"उंदीर शिरलाय वाटतं," ती म्हणाली. "शिपाईकाकांना बोलाव गं. फळी काढून बघू दे. उद्या पाहुण्यांसमोर बाहेर यायचा."

वर्गप्रमुख म्हणून ते मलाच सांगितलं होतं.  चष्मिसने तोंडात रुमाल कोंबला होता.

"बाई, काका बाजारात गेलेत," मी म्हटलं. ते मैदानात पाणी मारताना खिडकीतून दिसत होते. आईची त्या बाजूला पाठ होती. ती वळली असती तर तिथेच सगळं संपलं असतं.

"बरं, मग उद्या सकाळी लवकर सांगते," ती म्हणाली आणि पुन्हा शिकवायला लागली.

शाळा सुटल्यावर आम्ही व्यासपीठ रिकामं करायचं ठरवलं. पण शिक्षक वर्गावर्गांत तक्ते लावत होते, मोठे सर दर पाच मिनिटांनी डोकावत होते. दोन दप्तरं भरेपर्यंत आम्हाला हाकलून दिलं गेलं. दोन दप्तरांनी काय होणार? वाटेत चष्मिस रडायला लागली. "तू बाईंना सांगून टाक ना. तुझी आई आहे." मी तिच्यावर खेकसले. आई आहे म्हणूनच सांगता येत नव्हतं, हे तिला कसं समजावणार? त्या संध्याकाळी आईने स्वतःच्या साडीला इस्त्री केली आणि बाबांना म्हणाली, "उद्या हे झालं ना, की मी आठ दिवस काही म्हणजे काही मोजणार नाही." बाबा म्हणाले, "बघू, बघू." दोघं इतकी आनंदात होती की मी पोट दुखतंय म्हणून न जेवता झोपले.

सकाळी आई लवकर गेली खरी, पण सरांनी तिला कार्यालयात कागद भरायला बसवलं आणि उंदीर राहून गेला. साडेदहाला समिती आली. दोन गृहस्थ आणि एक बाई. गृहस्थ सारखे मान डोलवत होते आणि दिसेल त्याची स्तुती करत होते. त्या बाई मात्र काही बोलत नव्हत्या. बसक्या चपला, खांद्याला कापडी पिशवी, केस करकचून बांधलेले. त्यांनी आमच्या वर्गात येऊन आधी बादलीत बघितलं, मग खिडकीतून खाली बघितलं, मग आमच्या पेन्सिली बघितल्या. मी त्यांच्यावरून नजर काढली नाही.

त्या सरळ व्यासपीठावर चढल्या. बसका आवाज आला.  मोठे सर आणि ते दोन गृहस्थ दारापाशी उभे होते. आई टेबलाशी होती. तिच्यासमोर समितीचा छापील कागद होता आणि त्यावर, वरील आकडे मी स्वतः तपासले असून ते खरे आहेत, अशा मजकुराखाली तिने सही करायची होती. पेन तिच्या हातात होतं.

"एक मिनिट," त्या बाई म्हणाल्या. "या वर्गात पेन्सिलीला टोक करत नाहीत का?"

"करतात की," मोठे सर म्हणाले.

"मग भुगा कुठंय? त्रेचाळीस मुलं. बादलीत भुग्याचा कण नाही." त्यांनी तक्ता हातात घेतला. "आणि हे. सलग एकोणीस दिवस वीस ग्रॅम. जरा तो काटा आणता का?"

शिपाईकाकांनी काटा आणून दिला. समितीच्या बाईंनी तो उजेडात धरला आणि चष्मा वर सरकवून बघितला.

"यावर सगळ्यात लहान रेघ पन्नास ग्रॅमची आहे," त्या आईला म्हणाल्या. आवाज चढा नव्हता, उलट सौम्यच होता. "तुम्ही वीस कुठे वाचलेत?"

आईने काट्याकडे बघितलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तिला कळलं तो क्षण मला दिसला. मोजा, मोजा म्हणून आम्हाला वर्षानुवर्षं शिकवणारी बाई. तिनेच विकत आणलेला काटा. एकोणीस दिवस तिने तो आकडा ऐकला, रोज मान डोलवली, एकदाही तिच्या मनात आलं नाही की हा आकडा या काट्यावर येऊच शकत नाही.  मोठे सर खोकले. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, अंदाजे लिहिलं असेल." आईने ओठ उघडले.

मी उठून उभी राहिले. बाकाचा आवाज झाला आणि सगळे वळले.

"ते मी लिहिलंय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "बाईंनी नाही. बाईंना माहीत नव्हतं."

"मग कचरा कुठंय?" त्या बाईंनी विचारलं.

"तुमच्या पायाखाली."

त्या खाली उतरल्या, घाबरून नव्हे, बघायला म्हणून. शिपाईकाकांनी मागची फळी ओढली. आधी एक पुठ्ठा पडला, मग वेष्टनांचा लोंढा बाहेर आला, आणि त्यातून एक उंदीर निघून सरांच्या बुटांवरून दाराबाहेर पळाला. कुणीही हसलं नाही.

"का केलंस असं?" समितीच्या बाईंनी मला विचारलं. "फितीसाठी?"

मला हो म्हणता आलं असतं. तेच सोपं होतं. पण माझा बांध फुटला होता.

"आकडा कमी आला की आई घरी बरी असते," मी म्हटलं.

 आईने पेन टेबलावर ठेवलं आणि आमच्या पहिल्या बाकावर, चष्मिसच्या शेजारी येऊन बसली. तिचे गुडघे बाकाला अडत होते. मला वाटलं ती रडेल. नाही रडली. थोड्या वेळाने उठली, सहीच्या कागदाचे दोन तुकडे केले, आणि काटा उचलून म्हणाली, "चला. बादली आणा."

समितीचे गृहस्थ निघायची घाई करत होते, त्या बाई थांबल्या. दोन तास आम्ही व्यासपीठाखालचा कचरा बादलीबादलीने जोखला. आई आकडे फळ्यावर लिहीत होती. त्रेचाळीस किलो सहाशे पन्नास ग्रॅम. म्हणजे डोईला एक किलो आणि वर थोडं. मग तिने वर्गाला विचारलं, "हा कचरा आपण कमी केला होता की नव्हता?" पोरांनी माना खाली घातल्या. शेवटी चष्मिस म्हणाली, "नव्हता. नुसता दिसत नव्हता." "मग रोज सकाळी गाडी येऊन आपल्या घरचा कचरा नेते," आई म्हणाली, "ती कुठल्या व्यासपीठाखाली नेते?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. खरंच कुणाला माहीत नव्हतं. आम्ही बारा-तेरा वर्षांची मुलं, रोज दाराशी गाडी बघायचो आणि ती पुढे कुठे जाते ते आमच्यातल्या एकालाही सांगता आलं नाही. मी पुढे पुष्कळ शिकले, पण इतकं मन लावून ऐकलेला दुसरा तास मला आठवत नाही.

त्या तासाचा उपयोग कुणालाच झाला नाही. उपक्रम फेटाळला गेला. मोठे सर आठवडाभर आईशी बोलले नाहीत आणि बोलले तेव्हा एवढंच म्हणाले, "एक दिवस, बाई. फक्त एक दिवस निभवायचा होता." सत्र संपलं आणि पुढच्या वर्षीचं पत्र आलं नाही. आई रोज टपालवाल्याची वाट बघायची. महिनाभराने तिने वाट बघणं सोडलं. मग तिने घरीच शिकवण्या सुरू केल्या, फक्त गणिताच्या. परिसर तिने पुन्हा कधी शिकवला नाही. बाबांच्या टेबलाशेजारी तिचं टेबल आलं आणि समोरच्या खोलीत पंखे आणि पोरं अशी दाटी झाली. तिने मला कधी बोल लावला नाही. मला वाटायचं, लावावा. एकदाच काय ते ओरडावं आणि मोकळं व्हावं. पुढे जन्मभर मी अशी समजूत करून घेतली की ती त्या क्षणी खरं सांगायलाच ओठ उघडत होती. मी मध्ये बोलले नसते तर तिने आपल्या तोंडाने कबूल केलं असतं, सगळ्यांनी तिचा खरेपणा बघितला असता आणि कदाचित नोकरी राहिली असती. म्हणजे नोकरी मी घालवली ती दोनदा, एकदा लपवून आणि एकदा मध्ये बोलून.

आता तिला शहात्तरावं लागलंय. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडे असते. गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या शाळेतून कचऱ्याच्या प्रकल्पाचा कागद आला. जेवणं झाल्यावर आम्ही दोघी तो वाचत बसलो होतो. कुणास ठाऊक कुठून धीर आला, मी विचारलं, "आई, तुला माझा राग आला होता?"

"आला होता," ती म्हणाली. "अजून येतो कधीकधी. उगाच खोटं कशाला सांगू?"

 खरं सांगायचं तर मला लागलं. इतक्या वर्षांनी ती नाही म्हणेल असं मला वाटलं होतं.

तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, बोटाने सरळ केली.

"पण तू उभी राहिलीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "मी खरं सांगणार होते असं तुला वाटत असेल, तर तसं नव्हतं. त्या बाईंनी काटा दाखवला ना, तेव्हा माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. घरी दुसरा काटा आहे, बारीक वजनांचा, त्यावर तपासते, असं सांगणार होते. सांगितलं असतं, सही केली असती आणि पुढे वीस वर्षं पोरांना मोजा मोजा म्हणून शिकवत राहिले असते."

ती उठली आणि पाणी प्यायला आत गेली. घरात तसला काटा कधीच नव्हता.